मेढीचं कोर्ट

जगात माझा एक क्रमांक होता. तो चार आकडी होता. पहिल्यांदा मिळाला त्या दिवशी मी परगावच्या एका लॉजमधून अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोबाइलवर फोन लावला आणि मोठ्या तोऱ्यात सांगितला. ते रानात होते, पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "अन् गावात कितवा हाईस?"

गावात टेनिस खेळणारा मी एकटाच. म्हणून "पहिला" असं सांगितलं.

"मंग ठीक हाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

आमचं गाव नांदेड जिल्ह्यातल्या नायगावकडचं. अकराव्या वर्षी कुठल्याशा क्रीडा निवडीत एका मास्तरांना माझे लांब हात आवडले, आणि मी पुण्याच्या वसतिगृहात जाऊन पडलो. लांब हातांचा उपयोग तोपर्यंत फक्त चिंचा पाडायला झाला होता. पुढे दहा-बारा वर्षं मी व्यावसायिक टेनिस खेळलो. हे वाक्य ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात माझा बहुतेक काळ स्पर्धेच्या आदल्या पात्रता फेऱ्यांत गेला. तिथं प्रेक्षक म्हणजे आपल्या सामन्याची वाट बघत पेंगणारे दोन खेळाडू आणि कोर्टावर पाणी मारायला आलेला माणूस. तो माणूस सामना नीट बघायचा, कारण मी कधी हरतो याच्यावर त्याचं जेवण अवलंबून असे.

अण्णा कधीच आले नाहीत. दर वेळी मी बोलवायचो आणि दर वेळी काहीतरी निघायचं. कोळपणी, फवारणी, नाहीतर गाय व्यायला झालेली. माझ्या कारकिर्दीत आमची ती गाय इतक्या वेळा व्याली की तिची वासरं खरंच जन्मली असती तर गोठा पुरला नसता. मला याचा राग यायचा. तसा मला कशाचाही राग यायचा. सामना हरलो की मी रॅकेट आपटायचो, आणि मोडकी रॅकेट पिशवीत घालून घरी आणायचो. माझ्या आईला वस्तू टाकवत नाहीत. तिनं परसात त्या मोडक्या रॅकेटी उभ्या रोवून दोडक्याचा वेल त्यांच्यावर सोडला होता. एक लाल मुठीची, एक पिवळ्या, एक निळ्या. जाळीत वेल झकास धरतो. आमच्या गल्लीतली पोरं रॅकेटला कित्येक वर्षं 'दोडक्याचं' म्हणत.

तिशी ओलांडली आणि खांदा गेला. डॉक्टरांनी हात डोक्याच्या वर न्यायला मनाई केली. आता सर्व्हिस करायची तर हात वर न्यावाच लागतो, त्यामुळे तो विषय तिथंच संपला.

मग मी लातूरच्या एका शाळेत टेनिसचा कोच म्हणून लागलो. लातूरकरांबद्दल मला आदर आहे, पण त्यांना एकच प्रश्न पडतो. "सर, याच्यानं किती मार्क वाढतेत?" खेळाच्या सर्टिफिकेटवर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि टेनिसबद्दल त्याच्या पलीकडचं काहीही ठाऊक करून घ्यायची त्यांची इच्छा नव्हती. एका पालकानं मला बाजूला घेऊन अगदी अदबीनं सुचवलं, "सर, पोराला उन्हात नका काढू. घरी बसून करता येईल असं काही द्या की." मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दोन वर्षांनी शाळेनं कोर्टावर पत्र्याचं शेड टाकलं आणि सराव परीक्षेची बाकं मांडली. कोर्टाच्या पांढऱ्या रेषा मात्र ठेवल्या, कारण बाकांच्या रांगा सरळ लावायला बऱ्या पडतात. मला पर्यवेक्षणाला उभं केलं. एक पोरगा बाक सरकवून रेषेच्या पलीकडे बसला आणि मी सवयीनं ओरडलो, "आऊट!" तो बिचारा पेपर ठेवून खरंच बाहेर गेला. संध्याकाळी मुख्याध्यापकांनी बोलवलं. दुसऱ्या दिवशी मी नायगावच्या एसटीत बसलो होतो.

गावात येऊन मी दोन महिने आढ्याकडे बघत पडलो. आई स्थळं आणायची आणि प्रत्येक स्थळाकडून एकच निरोप परत यायचा, की मुलगा चांगला आहे, पण करतो काय? मला स्वतःलाही तेच विचारायचं होतं. मग एका सकाळी मी अण्णांना म्हणालो की मला आपलं खळं द्या, मी तिथं कोर्ट करतो आणि गावातली पोरं शिकवतो.

आमचं खळं घरामागच्या मुरमाड उंचवट्यावर आहे. आमच्याकडची जमीन काळी, उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की चेंडू काय, अख्खा पाय आत जाईल. कोर्ट होण्यासारखी घट्ट जागा शिवारात ती एकच. बैलांची मळणी जाऊन वीस वर्षं झाली. आता सोयाबीन मशीनमधून काढतात आणि खळ्यावर नुसतं वाळवायला पसरतात. पण अण्णांच्या लेखी खळं ते खळं.

त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "एक साल. पुढच्या सोयाबीनपतोर. तवर खळ्यातून काही निघालं तर तुझं. न्हाई निघालं तर माझं खळं मला वापस."

"काही म्हणजे काय निघायला पाहिजे?"

"ते निघाल्यावर कळतंय."

एवढाच आमचा करार. माझ्या हातात एक वर्ष होतं, आणि ते गेलं तर पुढे काय करायचं याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

कोर्ट बांधण्यात अण्णांनी जीव ओतला, हे मान्य करायला हवं. टेप लावून मी मापं दिली तेव्हा ते एकदाच म्हणाले, "येवढं मोठं? साऱ्या गावाची रास मावंल की." मग कामाला लागले. जागा खणली, पांढरी माती आणून टाकली, पाणी मारलं, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चार दिवस त्याच्यावर गोल फिरवला. मग आईनं गल्लीतल्या पाच-सहा बायका घेऊन शेणकाल्यानं अख्खं कोर्ट सारवून काढलं. मी जगात कितीतरी कोर्टांवर खेळलो, पण इतका सरळ उसळणारा चेंडू कुठं बघितला नाही. जाळी गोदाकाठच्या मासे धरणाऱ्यांकडून जुनी आणली. पाऊस पडला की तिला वास सुटायचा आणि गावातली मांजरं ओळीनं येऊन बसायची. सामन्याला एवढे प्रेक्षक मला पूर्वी मिळाले नव्हते.

सगळं झालं आणि मी फक्कीच्या रेषा आखायला सकाळी गेलो, तर कोर्टाच्या बरोब्बर मधोमध, जाळीच्या ओळीत, पुरुषभर उंचीचा बाभळीचा खांब उभा. त्याला हळदकुंकू, आंब्याचा डहाळा, पायथ्याशी फोडलेला नारळ.

ज्यांनी खळं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मळणीच्या वेळी बैल ज्या खांबाला बांधून गोल फिरवतात तो खांब म्हणजे मेढ. ती खळ्याच्या मध्यभागी असते आणि तिची पूजा होते. बैल गेले, मळणी गेली, तरी आमच्याकडची जुनी माणसं मेढीशिवाय खळं करत नाहीत.

मी बोंब मारली. "अण्णा, हे टेनिसचं कोर्ट आहे!"

"हाव. पर हाय तर खळंच ना."

"मधे खांब असलेलं कोर्ट जगात कुठं नाही!"

"मंग हे एक राहील की. तुझं काय नुस्कान हाय?"

मी पहार घेऊन खांब उपटायला लागलो तर आई आडवी आली. तिच्या मागोमाग गल्ली आली. एक म्हातारे गृहस्थ मला समजावत म्हणाले, "बाबा, खळ्याची मेढ काढत नसतेत. तुला टेनिस खेळायचं तर बाजूनं खेळ." मी तासभर आरडाओरडा केला. अण्णा शांतपणे मी खणलेली माती पुन्हा पायानं दाबत होते. शेवटी कराराची आठवण करून दिली. "पुढच्या सोयाबीनपतोर खळं तुझं. मेढ माझी."

अशा रीतीनं जगातल्या त्या एकमेव कोर्टावर शिकवणं सुरू झालं. चेंडू मेढीला लागला तर गुण कोणालाच नाही, पुन्हा खेळायचं, असा नियम मी नाइलाजानं केला. पोरांनी त्यात आपल्या मनानं भर घातली. मेढीला चेंडू लागला म्हणजे देवाला लागला, म्हणून ज्यानं मारला त्यानं पळत जायचं, मेढीला हात लावायचा, कपाळाला लावायचा आणि परत यायचं. एका खेळात चार-पाचदा हे चालायचं. माझ्या शिट्टीला कोणी विचारत नव्हतं.

पोरं आली तशी गेली. टिकली ती एक पोरगी. शेजारच्या मळ्यातली, आठवीतली. ती शिकायला आलीच नव्हती. शेळीच्या मागं धावत आली होती. माझा एक चेंडू तिच्याकडे गेला, तो तिनं हातातल्या शेळी हाकायच्या काठीनं परत मारला. काठीनं, आणि मी रॅकेटनं मारतो त्याहून सरळ. मी पुन्हा टाकला. तिनं पुन्हा मारला. तिसऱ्या वेळी म्हणाली, "सर, माजी शेळी चालली." मी स्वतः जाऊन ती शेळी धरून आणली, बांधली आणि तिच्या हातात रॅकेट दिली.

ती रोज यायची. मी तिला जे शिकवत होतो ते पुण्यात मला शिकवलं होतं तेच. अडचणीत सापडलीस तर मधून मार. जाळी मधे सगळ्यात खाली असते, चूक होत नाही. आपण सांभाळून खेळायचं, समोरचा चुकेपर्यंत. पण हे तिला कोणत्या कोर्टावर करून दाखवणार? मधे मेढ! मधून मारायचं म्हटलं की टाण् करून आवाज यायचा आणि पोरगी नमस्काराला पळायची. हळूहळू तिनं मधून मारणं सोडूनच दिलं. एकतर डाव्या रेषेवर, नाहीतर उजव्या रेषेवर. मी डोकं धरून बसायचो.

अण्णा रोज संध्याकाळी लिंबाखाली बाजेवर बसून दोर वळत. पाठ आमच्याकडे. आपल्याला या खेळात काडीचा रस नाही हे दाखवायचा त्यांना छंदच होता. एकदा मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. पोरगी कुठं मारावं म्हणून घुटमळली, तेव्हा दोरावरची नजर न काढता ते पुटपुटले, "डाव्या अंगाला मोकळं हाय."

मी वळून बघितलं. "काय म्हणालात?"

"दोराला म्हनलो," अण्णा म्हणाले.

पावसाळा आला. कोर्टावर ताडपत्र्या टाकायच्या, ऊन पडलं की काढायच्या, आईनं पुन्हा सारवायचं, यात महिने गेले. शिवारात सोयाबीन गुडघ्याला लागलं आणि मी रोज बांधावर जाऊन शेंगा चाचपायला लागलो. शेंगा भरत होत्या, म्हणजे माझी मुदत भरत होती. अशात शालेय स्पर्धा आल्या. जिल्ह्याची नांदेडला, ती जिंकली तर विभागाची लातूरला, तीही जिंकली तर राज्य.

नांदेडला पोरीनं धमाल उडवली. समोरच्या मुलींना मधून येणाऱ्या चेंडूची सवय. ही बया एक इकडच्या कोपऱ्यात, एक तिकडच्या. मुली पळून पळून बेजार. फक्त एकदा घोटाळा झाला. हिचा चेंडू जाळीच्या मधल्या पट्ट्याला लागला. ही सवयीनं धावत जाळीपाशी गेली, पट्ट्याला हात लावून नमस्कार केला. समोरच्या मुलीला वाटलं सामना संपला, ही हात मिळवायला आली. तिनं हिचा हात धरून हलवला, "छान खेळलीस" म्हणाली आणि पिशवी भरायला लागली. पंचांनी तिला परत बोलवेपर्यंत तिची आई डबा उघडून बसली होती.

लातूरला जायचं ठरलं तेव्हा पोरीच्या आईनं अट घातली. माझ्यासारख्या सड्या माणसाबरोबर ती लेकीला परगावी पाठवणार नव्हती. "अण्णा संगं असले तर धाडते," म्हणाली. मी निरोप अण्णांना सांगितला आणि गाय व्यायची वाट बघत उभा राहिलो. अण्णा म्हणाले, "धोतर धुवायला टाक म्हनावं मायला."

म्हणजे माझ्या अख्ख्या कारकिर्दीत जे झालं नाही ते शेजारणीच्या एका अटीनं झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. माझ्यासाठी नाही आलात, आणि आता येताय! पण बोललो नाही, कारण पोरीला न्यायचं होतं.

लातूरला पहिले सामने पोरीनं जिंकले. अंतिम सामना एकाच सेटचा, जिंकणारी राज्याला जाणार. समोरची मुलगी मोठ्या शाळेतली, तीन रॅकेटींची. ती हुशार निघाली. तिनं चार-पाच चेंडूंत ओळखलं की ही मधून मारतच नाही. मग ती काय करायची, चेंडू मारून सरळ एका बाजूला सरकायची. अख्खं मधलं कोर्ट उघडं. आमची पोरगी तिकडे ढुंकून बघेना. ती हट्टानं रेषांवर मारत होती आणि चेंडू बोटभर बाहेर जात होते. एक-चार झालं.

मी कोर्टाबाहेर खुर्चीवर बसून मुठी आवळत होतो. सामना चालू असताना बाहेरून बोलायचं नाही असा तिथला नियम. कोचनं तर मुळीच नाही. मी चावून चावून टोपीचा काठ ओला केला. मला सोयाबीन दिसत होतं. सगळ्या कोर्टावर पसरलेलं, पिवळं, आणि फडा घेऊन ते झाडून गोळा करणारे अण्णा. आता मी लिंबाखाली बसून दोर वळायला शिकणार, हे मला पक्कं कळलं होतं.

तेवढ्यात तारेच्या कुंपणामागून आवाज आला. आमच्या शिवारात दोन मळे ओलांडून जाणारा तो आवाज.

"ए पोरीऽऽ! मेढ न्हाई तिथंऽऽ!"

पोरगी थबकली. तिनं जाळीकडे बघितलं. खाली मान घालून, डोळे बारीक करून, जणू पहिल्यांदाच बघतेय तशी. मग ती हसायला लागली.

पंच खुर्चीवरून उतरून कुंपणापाशी आले. "बाहेरून कोण सूचना देऊन राहिलं? या मुलीचे कोच कोण आहेत?"

मी हात वर करायला उठलो. खांद्यामुळे माझा हात उशिरा वर जातो. तेवढ्यात अण्णांनी धोतर सावरलं. "मी हाय की."

"तुम्ही? टेनिसचे कोच?"

"कोर्ट माझं हाय," अण्णा म्हणाले.

पंचांनी वहीत ताकीद लिहिली. कोच म्हणून नाव अण्णांचं लिहिलं. सरकारी दप्तरात ते आजही तसंच असणार. मी तीन परीक्षा देऊन मिळवलेलं कोचचं सर्टिफिकेट माझ्या बॅगेत होतं आणि मी उभाच होतो.

पुढचा चेंडू पोरीनं मधून मारला. नुसता मारला नाही, जाळीच्या मधोमध, वर्षभर बाभळीचा खांब उभा असायचा तिथून काढला. समोरची मुलगी बाजूला उभी राहून बघतच राहिली. मग एक मधून, एक रेषेवर, एक मधून. समोरचीला काही कळेना. सात-पाचनं आमची पोरगी जिंकली, जाळीपाशी पळत गेली, आणि आधी पट्ट्याला हात लावून नमस्कार केला, मग समोरच्या मुलीशी हात मिळवला.

राज्याच्या स्पर्धेत ती पहिल्याच सामन्यात सपाटून हरली. हे सांगून टाकतो, नाहीतर मी सगळं रचून सांगतोय असं कोणी म्हणायचं. पण ते महिनाभरानंतर.

लातूरहून परत येताना एसटीत पोरगी खिडकीला डोकं टेकून झोपली होती. अण्णा दशम्या खात होते. मी विचारलं, "मधे मोकळं आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"दिसतंय की डोळ्यांना," म्हणाले आणि मला एक दशमी दिली.

आठवड्यात सोयाबीन निघालं. मशीन येऊन गेलं, पोती भरली, वाळवायची वेळ आली. मी सकाळी उठून खळ्यावर गेलो. अण्णा हातात पहार घेऊन उभे होते. माझ्या मनात आलं, संपलं. राज्यापर्यंत नेली तरी यांच्या हिशेबात काही निघालं नाही.

"सोयाबीन कुठं टाकायचं?" मी विचारलं.

"रोडवर टाकू. समदे टाकतेत," अण्णा म्हणाले आणि मेढीच्या बुडाशी पहार मारली.

मला वाटलं मी चुकीचं बघतोय. ज्या मेढीला मला वर्षभर पहार लावू दिली नाही ती ते स्वतःच्या हातानं उपटत होते. "हे काय करताय?"

"काढून राहिलो. पोरीला आता मधून मारायचं आलं पाहिजे. तिला मेढीचं काम न्हाई." दोन घाव घालून थांबले, धापा टाकत. "तिच्यासाटी रोवलीच न्हवती."

"मग कोणासाठी?"

अण्णा पहारेवर टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "तू लई मधी मारायचास."

मला काही समजेना. यांनी मला कधी खेळताना बघितलंच नव्हतं.

"सोलापूरला," अण्णा म्हणाले. "खत आनायला जातो म्हनून मायला सांगितलं अन् एसटीत बसलो. तारेच्या मागं उभा होतो. तुझ्यासमोर ते बारकं पोरगं होतं. पयले तू झकास मारत होतास, या कडंनं, त्या कडंनं. मंग त्यानं दोन-चार घेतले की तू भ्यालास. जे मारायचा ते मधी. जे मारायचा ते मधी. त्याला पळायचंच काम न्हाई. मला येत न्हाई तुझा खेळ, पर तेवढं दिसलं. मनात म्हनलो, याच्या मधी कोनी खांब रोवला असता तर हे पोरगं जितलं असतं."

सोलापूर माझी शेवटची स्पर्धा. त्याच्यानंतर खांदा गेला. म्हणजे ते आले होते, आणि नेमके त्या दिवशी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आलात तर भेटला का नाहीत? मी एकटा बसलो होतो तिथं, दोन तास!"

"काय बोललो असतो?" अण्णा म्हणाले. "अन् तुला कळलं असतं मी आलतो अन् तू हारला, तर पुन्ना बोलवला असतास का मला?"

मला रडू आलं. दुसरा शब्द नाही. पस्तिशीला आलेला माणूस शेणानं सारवलेल्या कोर्टावर उभा राहून रडत होता आणि बाप पहारेनं माती उकरत होता. खरं खोटं करायची माझी जित्याची खोड. डोळे पुसून मी म्हणालो, "हे आत्ता रचून सांगताय तुम्ही."

अण्णांनी परसाकडे मान वळवली. "ती निळी कोनी आनली मंग?"

दोडक्याच्या वेलाखाली तिन्ही रॅकेटी उभ्या होत्या. लाल मी आणली होती, पिवळी मी आणली होती. निळ्या मुठीची रॅकेट मी सोलापूरला त्या दिवशी आपटून मोडली होती आणि कुंपणाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात भिरकावून दिली होती. ती मी घरी आणलीच नव्हती. गावात आल्यापासून रोज तिच्या समोरून पाणी भरायला गेलो आणि एकदाही मनात आलं नाही.

"चांगली वस्तू टाकून गेलास," अण्णा म्हणाले. "एसटीत लोक इचारत होते, काय हाय म्हनून. म्हनलो पोराची हाय."

मेढ आम्ही पूर्ण काढली नाही. लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीत पुरून तिला त्यात बसवली. हवी तेव्हा उभी करायची, नको तेव्हा उचलून ठेवायची. एखादं पोर भिऊन सांभाळून खेळायला लागलं की मी जाऊन मेढ रोवतो. पोरं आता कोर्टावर डझनभर आहेत आणि अण्णा अजून पाठ करूनच बसतात.

त्या सकाळी मात्र मी परसात गेलो. वाटलं, ती निळी रॅकेट काढून घरात नीट ठेवावी, भिंतीवर लावावी. वेलाचे आकडे सोडवायला लागलो, तर मागून अण्णा ओरडले, "राहू दे तिथंच. दोडके लागलेत."